पाच चौकोनांची मान

रेहूने त्या जनावराची मान लांब काढली, कारण भिंत उरली होती. दुसरं काहीही कारण नव्हतं. कबरीच्या भिंतीवर मोकळी जागा दिसली की आमच्याकडे लोकांना कसंतरीच होतं, आणि ज्याची कबर असते त्याला तर फारच होतं. उद्या त्याला तिथे कायमचं राहायला जायचं असतं. घरात रिकामी खोली ठेवली तर तिच्यात कोण येऊन बसेल, याचा काय नेम?

कबर नेहेरी सरकारांची होती. नेहेरी म्हणजे हरण-प्रांताचे अधिपती. वय साठीपुढे, गुडघे गेलेले, दात चार उरलेले. पण रेहूने त्यांना भिंतीवर गेली पाच वर्षं पंचविशीतच ठेवलं होतं. नदीच्या पूर्वेला कड्यात खोदलेल्या त्या दालनात दुपारनंतर दारातून सरळ ऊन यायचं. मग रेहू लाल काव लावलेली दोरी ताणून भिंतीवर टणकारायचा, उभे-आडवे चौकोन पाडायचा आणि त्या चौकोनांत जग बसवायचा. माणूस इतके चौकोन उंच, बैल इतके चौकोन लांब. नीट मोजलं की सगळं बसतं, असा त्याचा अनुभव होता.

कामाबद्दल त्याला भाकरी, कांदे आणि जवाची बिअर मिळायची. पण त्यासाठी तो पाच वर्षं त्या कड्यावर चढत नव्हता. शिकारीच्या ओळीच्या अगदी टोकाला, दाराला लागून दोन चौकोन रुंद जागा होती. ती सरकारांनी त्याला द्यायचं कबूल केलं होतं. तिथे रेहूने स्वतःला काढायचं, वीतभर, हातात रंगाची वाटी, आणि डोक्यावर नाव: रेखाटणारा रेहू. बस्स.

ही जागा म्हणजे काय, हे आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. रेहूच्या बापाला चटईत गुंडाळून वाळूत पुरलं होतं. कुठे, ते दोन वर्षांत वाऱ्याने पुसून टाकलं. आज्याचं तर नावही एका म्हातारीलाच आठवायचं, आणि तीही गेली. रेहूने स्वतःच्या हाताने मोठ्या लोकांसाठी भिंतींवर हजारो भाकऱ्या काढल्या होत्या. त्या भाकऱ्या त्या लोकांना मेल्यावर, पश्चिमेच्या जगात पोचल्यावर, रोज ताज्या मिळणार होत्या. त्यातली एखादी आपल्याला मिळावी, आणि ती देताना कुणीतरी आपल्याला नावाने हाक मारावी, एवढीच त्याची इच्छा होती.

मग सरकार शिकारीला गेले.

ते परत आले ते एक ससा आणि एक हाड घेऊन. ससा वाटेत खाल्ला गेला, त्यामुळे हाड उरलं. ते वाटाड्या सेनबीला पुराने फोडलेल्या एका घळीत सापडलं होतं. काळं, दगडासारखं जड, छोट्या हंड्याएवढं. मधोमध भोक आणि दोन्ही अंगांना तुटके पंख असावेत तसे काटे. पहिल्या दिवशीच्या सांगण्यात सरकारांना ते हाड नुसतं मिळालं होतं. चौथ्या दिवशी ज्या जनावराचं ते हाड, ते सरकारांना दिसलं होतं. चंद्र पुरता भरेपर्यंत सरकारांनी त्याला एका बाणात लोळवलं होतं. आणि कारभारी बाकेतने तसं पत्र लिहून, मोहोर मारून, राजधानीला जाणाऱ्या होडीत ठेवूनही दिलं होतं. बाकेत फार तत्पर माणूस. घडायच्या आधी तो लिहून मोकळा व्हायचा.

"रेहू, हे काढ," सरकार दालनात येऊन म्हणाले. मागे बाकेत हाड छातीशी धरून उभा होता, बाळंतिणीच्या हातून पोर घेतल्यासारखा.

"हाड काढू?"

"हाडाचं काय करायचंय? जनावर काढ."

"सरकार, दिसायला कसं होतं?"

सरकारांनी बाकेतकडे बघितलं. बाकेतने सेनबीकडे बघितलं. सेनबी दाराबाहेरच्या गाढवाकडे बघू लागला.

"मोठं होतं," सरकार म्हणाले.

"पाय?"

"होते ना."

"किती?"

"जेवढे असतात तेवढे! मी बाण मारत होतो की मोजदाद करत होतो?"

एवढ्या माहितीवर रेहू कामाला लागला. शिकारीच्या ओळीत सरकारांचं धनुष्य, बाण, पळणारी हरणं, तरस, शहामृग असं सगळं होऊन टोकाला तेरा चौकोन उरले होते. त्यातले शेवटचे दोन त्याचे स्वतःचे. राहिले अकरा. त्याने हाताला सवय असलेलं बिबट्याचं अंग काढलं, शेपटी सिंहाची दिली, आणि मोजून पाहिलं तर सहाच चौकोन भरले होते. पाच उरले. एखादं झुडूप टाकता आलं असतं, पण मागच्या पाहणीत सरकार झुडपांवर चिडले होते. "मी शिकारीला गेलो होतो की सरपण आणायला?" साळिंदरंही तीन झाली होती. चौथं साळिंदर काढलं असतं तर लोक म्हणाले असते, सरकारांची शिकार ही एवढीच.

तेव्हा रेहूने मान पुढे ओढली. एक चौकोन, दोन चौकोन. हात थांबायला तयार नव्हता, आणि रेष सुरेख चालली होती. पाचव्या चौकोनाच्या कडेला तिला सापासारखं लहानसं डोकं लावून त्याने कुंचला खाली ठेवला. जागा भरली. तो निवांतपणे कांदा खात बसला.

पाहणीच्या दिवशी सरकार त्या जनावरासमोर बराच वेळ उभे राहिले. रेहू कोरडा कुंचला पुन्हा पुन्हा पुसत राहिला.

"हेच," सरकार शेवटी हळूच म्हणाले. "अगदी हेच. ही मान मी विसरलोच होतो. बाकेत, मान विसरलो होतो बघ मी."

"मला आठवत होती, सरकार," बाकेत म्हणाला. "पण मध्ये बोलणं बरं दिसलं नसतं."

सगळं इथे संपायला हरकत नव्हती. पण सरकारांसोबत इहा पुरोहित आला होता. मंत्रांच्या गुंडाळ्या सांभाळणारा हा किडकिडीत गृहस्थ, आणि आयुष्यात त्याने एकही गोष्ट बघून नुसतं 'छान' म्हटलं नव्हतं. त्याने नाक भिंतीला टेकेपर्यंत वाकून जनावराचं तोंड पाहिलं.

"हे खातं काय?"

दारातला सेनबी पुन्हा बाहेरच्या गाढवाकडे बघू लागला.

"मी विचारतोय," इहा म्हणाला, "कारण मंत्र म्हटले की भिंतीवरचं सगळं जागं होणार. भाकरी भाकरी होणार, बैल बैल होणार. आणि हे जे काय आहे, ते हे होणार. सरकार इथे एकटे असतील, कायमचे. तर हे खातं काय?"

सरकार भिंतीपासून एक पाऊल मागे सरकले. पंचविशीतला तो भिंतीवरचा तरुण मात्र होता तिथेच उभा राहिला. त्याला सरकायची सोय नव्हती.

"मी तर त्याला मारलंय," सरकार म्हणाले.

"भिंतीवर ते चार पायांवर उभं आहे, सरकार."

"मग काय करायचं?"

"खाली प्रेत ठेवायच्या विवरात मंत्र लिहिताना अक्षर म्हणून सापाचं चित्र येतं तिथे आपण काय करतो? मधोमध कापतो. धड वेगळं, शेपूट वेगळं. वाचता येतं, चावत नाही. याचीही मान कापा."

पाच वर्षांतली सगळ्यात चांगली रेघ होती ती. पण सरकारच आडवे आले.

"अर्धं जनावर? लोक काय म्हणतील, नेहेरीने अर्धंच मारलं? आणि पत्र गेलंय राजधानीला!"

"अखंड, असं लिहिलंय," बाकेतने दुःखी चेहऱ्याने दुजोरा दिला.

"मग पुसून टाका," इहा म्हणाला.

"पत्र गेलंय म्हटलं ना!"

तेव्हा कापता येत नाही, पुसता येत नाही, आणि मोकळं सोडता येत नाही. तिघे मोठे लोक एका ओळीत उभे राहून विचार करू लागले. रेहू मनातल्या मनात त्यांना चौकोनांत बसवत होता. सरकार अठरा चौकोन, बाकेत नऊ, इहा नुसताच रुंदीला दीड. मग बाकेतचा चेहरा उजळला. बाकेतचा चेहरा उजळला की प्रांतात कुणाच्या तरी घरी अंधार होतो, हे सगळ्यांना माहीत होतं.

"दोरी बांधू या," तो म्हणाला. "गळ्यात दोरी, आणि दोरी धरायला एक माणूस. बैलांना नाही का गुराखी असतो?"

"धरणार कोण?" सरकारांनी विचारलं.

सगळ्यांनी सेनबीकडे पाहिलं. सेनबीने हात जोडले. "सरकार, माझं आमच्या गावात देवळापाशी दगड कोरून झालंय. बायको, मी, कुत्रा, सगळे एकत्र. एक माणूस दोन ठिकाणी कसा राहणार? कुत्रा ऐकायचा नाही."

"बरं मग..." बाकेतचं बोट भिंतीवरून सावकाश सरकत जनावराच्या तोंडापुढच्या त्या दोन रिकाम्या चौकोनांवर येऊन थांबलं. "इथे कोण येणार होतं?"

"मी," रेहू म्हणाला.

"मग काय! किती जवळ जागा मिळालीय बघ. रंगाच्या वाटीऐवजी दोरी. वाटीत असं काय होतं रे?"

सरकारांनी रेहूच्या खांद्यावर हात ठेवला. पाच वर्षांत पहिल्यांदाच. "रेहू, तू नशीबवान आहेस. नुसता उभा राहणार होतास. आता तुला काम मिळालं."

घरी बायको हेतेपेत अंगणात मसूर निवडत होती. रेहूने सगळं सांगितलं. ती ऐकून घेत घेत खडे बाजूला टाकत होती.

"दोरी? तुम्ही?" ती म्हणाली. "ती बकरी बघा आधी."

बकरी खुंट्यापाशी नव्हती. ती शेजारच्या कोथिंबिरीत होती. सकाळी तिला रेहूनेच बांधलं होतं. रेहूने बांधलेली गाठ संध्याकाळपर्यंत टिकली असं लग्नापासून कधी झालं नव्हतं. भिंतीवर दोरखंडाचा पीळन् पीळ दाखवणारा हा माणूस खऱ्या दोरीपुढे अगदी परका व्हायचा.

"चेष्टा नको करू, हेते. कायमचं आहे ते. रोज. रात्र नाही, सुट्टी नाही. आणि ते खातं काय ते कुणाला माहीत नाही."

"तुम्हाला माहीत असेल की. तुम्हीच काढलंय."

रेहूने इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "अगं, ते जनावरच नाहीये. पाच चौकोन उरले होते, म्हणून मान ओढली. ती मान म्हणजे नुसती भरलेली जागा आहे."

हेतेपेतचे हात थांबले. मग ती इतकी हसली की मसूर पुन्हा खड्यांत मिसळले.

"मग रडताय कशाला? असं जनावर जगात कधी झालंच नाही, तर जागं कोण होणार? तुम्ही एका मोकळ्या जागेला दोरी बांधून उभे राहा आणि समोरच्या ओळीतल्या भाकऱ्या खा. बाकेतला कळलं तर जळून जाईल."

रेहूला हे पटलं. पटण्यासारखंच होतं. जे कधी नव्हतं ते जागं होत नाही, हे इहासुद्धा नाकारू शकला नसता. त्या रात्री रेहू नीट झोपला, त्यानंतरच्याही चार रात्री झोपला. सकाळी कड्यावर चढताना तो गुणगुणायचा. जनावरावर त्याने काळे ठिपके दिले, पायांना नखं दिली, आणि दात मात्र नाहीत. तोंड मिटलेलं ठेवलं. उगाच कशाला.

सहाव्या दिवशी सेनबी गाढव घेऊन अंगणात आला. गाढवाच्या दोन्ही अंगांना टोपल्या होत्या आणि गाढव फेंगडं चालत होतं.

"रेहूदादा, सरकारांच्या वाड्यावर निघालोय. म्हटलं आधी तुला दाखवावं. त्या घळीत परत गेलो होतो."

त्याने टोपल्या उपड्या केल्या. काळी हाडं. एक, दोन, पाच, सात. सगळी त्या पहिल्या हाडासारखीच. मधे भोक, बाजूला पंख.

"सात जनावरं मेली असतील एकत्र," रेहू म्हणाला.

"मलाही तसंच वाटलं. मग हे बघ." सेनबी उकिडवा बसला आणि हाडं एकापुढे एक मांडू लागला. एकाचा उंचवटा दुसऱ्याच्या खोबणीत जाऊन बसत होता, हंडीवरच्या झाकणासारखा. कुठे फट नाही. शेवटचं हाड जवळजवळ चुलीपर्यंत गेलं. "एकच आहे, दादा. एकाच जनावराची एकच मान. आणि अजून घळीत पुढे आहेच. दगडात रुतलंय, निघालं नाही."

हेतेपेत मांडलेल्या हाडांच्या कडेने चालत गेली. एक पाऊल, दोन, तीन, चार. टोकाला पोचल्यावर ती हसली नाही.

"तुला कसं कळलं रे, दादा?" सेनबीने विचारलं. त्याच्या आवाजात असा आदर होता, की तो ऐकून रेहूला पळून जावंसं वाटलं. "मी तिथे जन्म काढला, मला माहीत नव्हतं. सरकारांना तर काहीच माहीत नव्हतं, आपल्यात म्हणून सांगतो. तू तर नदीकाठ सोडून कधी गेला नाहीस. तरी बरोब्बर काढलंस."

"जागा उरली होती," रेहू म्हणाला.

सेनबीला वाटलं, हा नम्रपणा.

सेनबी हाडं टोपल्यांत भरून वाड्याकडे गेला. हाडांची खूण मातीत तशीच उमटलेली होती, लांबच लांब. बकरीने ती ओलांडली नाही. वळसा घालून गेली.

दुसऱ्या दिवशी रेहू सरकारांच्या बागेत जाऊन उभा राहिला. सरकार तळ्याकाठी पाय तेलात चोळून घेत होते. शेजारी बाकेत बसला होता आणि सातही हाडं स्वच्छ कापडात गुंडाळून ओळीने ठेवली होती, पाहुण्यांसारखी.

"सरकार, एक विनंती होती. माझी जागा मला नको."

तेल चोळणाऱ्याचा हातसुद्धा थांबला.

"काय म्हणालास?"

"जागा नको. कुणा लायक माणसाला द्या. मी वाळूत जाईन. बाप आहे तिथे, ओळखीचं आहे."

"रेहू," सरकार शांतपणे म्हणाले, आणि ते शांतपणे बोलू लागले की रेहूला त्यांचा पंचविशीतला चेहरा खरा वाटायचा, "या प्रांतात त्या दोन चौकोनांसाठी माणसं काय काय करतील, तुला ठाऊक आहे? मी शब्द दिलाय. नेहेरीचा शब्द एका रंगाऱ्याने परत केला, हे कसं दिसेल?"

"लिहायला फार वाईट दिसेल," बाकेत म्हणाला.

मग रेहूने शेवटचा उपाय केला, म्हणजे खरं बोलला. "सरकार, ती मान मी मनाने काढली. मला काही माहीत नव्हतं. भिंत उरली होती, म्हणून ओढली."

सरकारांनी कापडातल्या सात हाडांकडे पाहिलं. मग रेहूकडे पाहिलं. मग बाकेतकडे पाहून ते प्रेमळपणे हसले.

"बघितलंस? घाबरला की माणूस काहीही बोलतो. अरे, पुरावा समोर आहे आणि तू म्हणतोस, असं जनावर नव्हतं. मग मी मारलं काय?"

या प्रश्नाला प्रांतात एकही सुरक्षित उत्तर नव्हतं.

"भीती सगळ्यांनाच वाटते रे," सरकार जरा हळू आवाजात म्हणाले. "मलाही तिथेच राहायचंय की. म्हणून तर तू हवास. दोरी घट्ट धर म्हणजे झालं." ते पाय पुन्हा तेलात ठेवून मागे रेलले, आणि भेट संपली.

सण तोंडावर आला होता, आणि त्याआधी भिंत पुरी व्हायला हवी होती. शेवटच्या दिवशी दुपारी रेहू त्या दोन चौकोनांसमोर बसला. एका बाजूला दाराचा दगड. दुसऱ्या बाजूला, त्यानेच काढलेलं ते लहानसं डोकं. मधे दोन चौकोन, म्हणजे त्याची एक वीत. उभं राहिलं की जनावराचं तोंड आणि आपलं कपाळ यांत बोटभर अंतर राहतं, हे त्याने तीनदा मोजलं. तीनदा बोटभरच भरलं. दोरी कितीही लांब धरली तरी मान दोरीपेक्षा लांब होती. तीही त्यानेच मोजून लांब केली होती. एक झुडूप काढलं असतं तर. फार फार तर सरकार ओरडले असते.

त्याने आधी स्वतःचे पाय काढले, दाराकडे चालणारे. मग कंबर, मग खांदे. मग प्रश्न आला तोंडाचा. जनावराकडे पाठ केली तर ते तोंड कधी उघडतं, ते कळणार नाही. जनावराकडे तोंड केलं तर जन्मोजन्म तेच बघत बसायचं, आणि दारातून येणारं ऊन, नदी, पलीकडचं शेत कधी दिसायचं नाही. मागे वळून बघणारं हरण त्याने शंभरदा काढलं होतं. माणूस तसा कधी काढला नव्हता. चांगलं दिसत नाही. त्याने तो काढला. पाय दाराकडे, मान मागे.

हातात दोरी आली. दोरी जनावराच्या गळ्यापर्यंत गेली. आता गाठ.

हेतेपेत भाकरी घेऊन वर आली होती ती दारात बसून होती. तिने चित्र पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं.

"बकरी पुन्हा सुटली," ती म्हणाली.

"कुठे गेली?"

"मला काय माहीत? सुटली की कुणाला खाते थोडीच. निघून जाते. बांधलेली असली की मात्र जो जवळ जाईल त्याला शिंग मारते."

ती हे भाकरी मोडता मोडता म्हणाली आणि कांदा सोलायला लागली. रेहूने कुंचला काळ्या रंगात बुडवला होता. तो त्याने गळ्यापाशी नेऊन पुन्हा मागे घेतला. मग त्याने दोरी गळ्याच्या मागे नेली आणि तिथेच सोडून दिली. पुढच्या बाजूने ती बाहेर आलीच नाही. गाठ नाही, वेढा नाही. पाहणाऱ्याला वाटावं, की गाठ पलीकडे आहे. आमच्याकडच्या चित्रांत बऱ्याच गोष्टी पलीकडे असतात आणि कुणी विचारत नाही. तीस वर्षांत त्याने इतकी वाईट दोरी काढली नव्हती, आणि इतक्या काळजीनेही काढली नव्हती.

"जाईल ना गं ते?" त्याने विचारलं.

"भाकरी खा," हेतेपेत म्हणाली.

ऊन कलल्यावर सरकार आले. दोन माणसांनी त्यांना कड्यावर धरून आणलं होतं. मागे बाकेत आणि इहा. सरकारांनी आधी स्वतःला पाहिलं, मग जनावर पाहिलं, मग दोरी. इहाने नाक लावून दोरी पाहिली. त्याला दोरीतलं काही कळत नव्हतं, त्याने मान डोलावली. बाकेतने वर नाव लिहायची जागा मोजली आणि ती पुरेल म्हणून नोंदवलं.

"लिही आता नाव," सरकार म्हणाले. "नावाशिवाय तो कुणीच नाही. मग दोरी धरणार कोण?"

रेहूने कुंचला उचलला. हे नाव त्याने मनात हजारदा लिहिलं होतं. बापाचं लिहिता आलं नाही म्हणून, आज्याचं माहीत नव्हतं म्हणून. नाव लिहिलं नाही तर वाळू. लिहिलं तर हे. त्याने लिहायला सुरुवात केली. शेवटची खूण तेवढी राहिली होती, बसलेल्या माणसाची, जी आली की नाव माणसाचं होतं.

"पण काय रे," सरकारांनी वीतभर रेहूकडे काठी दाखवली. "चाललास दाराकडे आणि बघतोयस मागे. असं का काढलंस?"

"ते गेलं का, ते बघतोय, सरकार."

सरकार मनापासून हसले. चारही दात दिसले. "जाईल कुठे?" ते म्हणाले. "इकडे मी बाण लावून उभा आहे, तिकडे दाराचा दगड. वर रेघ, खाली रेघ. तूच मारलीस ना ती? भिंत तर इथेच संपते."

"तेच बघतोय," रेहू म्हणाला, आणि त्याने बसलेला माणूस काढून नाव पुरं केलं.